पत्र्याचा गोठा उडाला, आता काळ्या जमिनीत खांब किती खोल गाडायचे?

काळीमाती_केज
नमस्कार मंडळी. केज तालुक्यात आमची शेती आहे, जमीन भारी काळी. गेल्या मे महिन्यात वळवाच्या वाऱ्यात आमचा गोठा उडाला. २० बाय ४० फुटाचं शेड, तीन इंची पाइपाचे दहा खांब, पाच एका बाजूला पाच दुसऱ्या बाजूला, वर पत्रा. तीन बाजू पत्र्यानी बंद, तोंड पश्चिमेला, म्हणजे संध्याकाळचं वारं आत यावं म्हणून. संध्याकाळी साडेपाचला धुळीचा लोट आला आणि दहा मिनिटांत सगळं संपलं. मोडून पडलं असतं तर समजलो असतो, पण ते पडलं नाही, आख्खं शेड वर उचललं गेलं आणि पलटी खाऊन भावकीच्या तुरीच्या रानात जाऊन पडलं. सहा म्हशी दावणीला जागेवर उभ्या, डोक्यावर नुसतं आभाळ. एका रेडकाचा पाय पत्र्यानी कापला, ते वाचलं.

ज्यानं शेड केलं तो म्हणतोय निसर्गापुढं कोणाचं चालत नाही, आता चार इंची जाड पाइप टाकू म्हणजे हलणार नाही. मला ते पटत नाही कारण पाइप कुठं वाकलाच नव्हता. कुणाला यातलं खरं काही माहीत असेल तर सांगा, परत तीच चूक करायची नाही. सरकारी नियम, कोड वगैरे असतो का आपल्या गोठ्याला?

शिवारातला_वेल्डर
दादा वाचून वाईट वाटलं. मी परभणीकडं पंधरा वर्षं शेडची कामं करतोय. पहिलं सांगा, पत्रा पर्लिनला, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या लोखंडाला, कशानी बसवला होता, जे हूकनी का सेल्फ ड्रिलिंग स्क्रूनी? आणि वारा आला तेव्हा पत्रे सुटले का शेडला चिकटूनच गेले?

काळीमाती_केज
स्क्रूच होते, रबराच्या वायसरवाले. पत्रे सुटले नाहीत, शेडसोबतच गेले.

शिवारातला_वेल्डर
म्हणजे तुमचा पत्रा चांगला बसवला होता आणि तोच नडला. पत्रे सुटले असते तर सांगाडा राहिला असता. पत्रा कच्चा नव्हता, खालचं पकडणारं कच्चं होतं. खांबाचं बघा.

लोखंड_आणि_माती
मी सिव्हिल इंजिनिअर, छ. संभाजीनगरला असतो, गाव जालन्याकडं. वेल्डरदादा बरोबर रस्त्यावर आहेत. काळीमाती, एक गोष्ट नीट बघून सांगा, बाकी सगळं त्यावर आहे. दहा खांब जमिनीतून कसे निघाले? काँक्रीटच्या गड्ड्यासकट, का नुसता पाइप गड्ड्यातून सुटून, का जमिनीलगत तुटून?

काळीमाती_केज
आज सकाळी जाऊन सगळे दहा खड्डे बघितले, वडलांना सोबत घेतलं. सहा खांब गड्ड्यासकट वर आलेत, दाताचं मूळ निघावं तसे, गड्डा अजून पाइपाला लटकलाय, तो एक फूट बाय एक फूट आणि दोन फूट खोल आहे फक्त. तीन ठिकाणी गड्डा जमिनीत तसाच, मधे गोल गुळगुळीत भोक, पाइप सुरीसारखा बाहेर. आणि एक खांब मुताच्या नालीजवळचा, तो फरशीच्या बरोबर वर तुटलाय, तिथं पाइपाला बोट लावलं तर बोट आत गेलं, सगळा गंज. बाहेरून रंग शाबूत दिसायचा.

लोखंड_आणि_माती
हे तुम्ही फार चांगलं बघितलंत. तीन वेगळे रोग आहेत आणि तिन्हींना चार इंची पाइप हे औषध नाही.

आता हिशोब सांगतो, थोडा लांब होईल पण वाचा. वाऱ्याचा आपला कोड म्हणजे आयएस ८७५ भाग ३, २०१५ ची आवृत्ती. त्यात देशाचा नकाशा आहे, औरंगाबादला मूळ वेग ३९ मीटर प्रति सेकंद दिलाय, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. हैदराबाद आणि नागपूरला ४४ आहे, म्हणून नांदेडकडच्या लोकांनी नकाशा नीट बघून वरचा आकडा धरलेला बरा. हा वेग म्हणजे दिवसभराचा वारा नाही, तीन सेकंदांचा झोत, ५० वर्षांत एखादवेळी येणारा, जमिनीपासून १० मीटरवर मोजलेला. आता शेतातल्या गोठ्याला कोड थोडी सवलत देतो, २५ वर्षं आयुष्य धरून ०.९२ नं गुणायचं, मोकळ्या रानात बाकीचे आकडे साधारण एक. ३९ गुणिले ०.९२ म्हणजे ३५.९. दाब काढायचा तर वेगाचा वर्ग करून ०.६ नं गुणायचं, येतात ७७२ न्यूटन, म्हणजे चौरस मीटरला साधारण ७९ किलो.

आता चारी बाजू उघडं शेड असेल आणि हा दाब जवळपास तेवढाच वर ओढतोय असं ढोबळ धरलं तर तुमच्या ७४ चौरस मीटर छपरावर पावणेसहा-सहा टन ओढ वरच्या दिशेनी. पत्रा, पर्लिन, ट्रस सगळं मिळून वजन एक टन. पाच टन उरले. मधल्या सहा खांबांवर प्रत्येकी छपराचा आठवा हिस्सा येतो, कोपऱ्याच्या चारांवर सोळावा. म्हणजे मधला एकेक खांब ६०० किलोहून जास्त ओढ खाणार. आणि तुमच्या एक बाय एक बाय दोनच्या गड्ड्याचं वजन किती? दोन घनफूट काँक्रीट, १३६ किलो.

हे उघड्या शेडचं झालं. तुमचं तर तीन बाजू बंद आणि तोंड वाऱ्याला. वारा आत शिरतो आणि बाहेर पडायला जागा नाही, म्हणून आतून पत्र्याला वर ढकलतो, बाहेरून वरून वाहणारा वारा वर ओढतो, दोन्ही एकाच दिशेला. भिंतीचं उघडं क्षेत्र २० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर आतल्या दाबाला कोड ०.७ चा आकडा देतो, बाहेरचा ०.८ धरा, बेरीज दीड. म्हणजे उघड्या शेडच्या दीडपट ओढ, पावणेनऊ टन. ज्या बाजूनं गार वारं यावं म्हणून तोंड ठेवलं तीच बाजू सगळ्यात वाईट निघाली.

तात्या_औसा
इंजिनिअरसाहेब तुमचं गणित मान्य, पण आमच्या आज्याच्या काळात बाभळीच्या मेढी दोन हात गाडून वर वासे टाकून पाचटाचं छप्पर असायचं, त्याला कुठला कोड आन कुठला काँक्रीट, पन्नास वर्षं उभं होतं. आता इतकं लोखंड घालून उडायलंय ते कामून?

लोखंड_आणि_माती
तात्या, प्रश्न एकदम योग्य आहे. पाचटातनं वारा गळतो, पत्र्यातनं गळत नाही. जोराचा वारा आला की पाचट थोडं थोडं उडून जायचं, छप्पर विस्कटायचं पण मेढी राहायच्या, आणि पुढच्या वर्षी आजोबा परत शाकारणी करायचे. ती दुरुस्ती दरवर्षीची होती म्हणून पन्नास वर्षं टिकल्यासारखं वाटतं. पत्रा मात्र एकसंध ताव आहे, जातो तर सगळा जातो.

माळवदाची_लेक
तात्यांच्या बोलण्यावरून लिहावंसं वाटलं. माझं माहेर किल्लारीजवळचं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आमचं माळवदाचं घर, सागवानी खांब, तुळया, त्यावर लाकडी पट्ट्यांचं किलचन, आणि वर फूट-दीड फूट माती. भिंती दोन-अडीच फूट रुंद, दगड आणि चिखलाच्या. भिंती पडल्या, दगड आत आले, त्यात माणसं गेली. पण कितीतरी घरांत लाकडी खणाचा सांगाडा तसाच उभा राहिला होता, हे मी डोळ्यांनी बघितलंय, खांबावर खांब उभे आणि मधे दगडांचा ढीग. नंतर तज्ज्ञांच्या अहवालांतही तसंच आलं. खांबांवर छत आणि भिंत नुसती आडोशाला, ही पद्धत आपल्याकडं आधीपासून होती. तेव्हा तो भाग भूकंपाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या झोन १ मधे होता, २००२ च्या कोडात झोन १ काढूनच टाकला आणि लातूर झोन ३ मधे गेलं.

म्हणून मला असं वाटतं, माळवदाला वाऱ्याची भीती नव्हती, कारण चौरस मीटरला पाच-सातशे किलो माती वर होती, त्याला धरणी हलायची भीती. पत्र्याला उलटं, भूकंपात हलकं शेड चांगलं, वाऱ्यात वाईट. आमच्याकडं भूकंपानंतर सगळे पत्र्यावर गेले ते घाबरून, आणि पत्र्याला खाली धरून ठेवावं लागतं हे कुणी सांगितलंच नाही.

लोखंड_आणि_माती
ताई, मला कॉलेजात शिकवलं त्यापेक्षा हे चांगलं मांडलंत.

ओहायोतला_लातूरकर
मी उदगीरचा, सध्या अमेरिकेत ओहायोत आहे, शेजारी सगळे शेतकरी. इकडं गोठे, ट्रॅक्टरची शेडं सगळी पोल बार्न पद्धतीची असतात, म्हणजे लाकडी खांब थेट जमिनीत गाडायचे, साधारण आठ-आठ फुटांवर, चार फूट किंवा जास्त खोल, आणि त्यालाच आडव्या पट्ट्या आणि पत्रा. १९३० च्या दशकात मंदीच्या काळात हॉवर्ड डोन आणि बर्नन पर्किन्स यांनी ही पद्धत रुळवली असं मानतात, कारण स्वस्त पडते, पाया खणून भिंत बांधायची गरज नाही. ओहायोत शेतीच्या इमारतीला राज्याचा बिल्डिंग कोड लागतच नाही, सूट आहे. पण म्हणून चांगला बांधणारा माणूस हिशोब सोडत नाही. शेती इंजिनिअरांच्या संस्थेची, एएसएबीईची दोन मानकं आहेत, ईपी ४८६ खांबाच्या पायासाठी आणि ईपी ४८४ पत्रा हाच आडव्या भिंतीसारखा कसा काम करतो त्यासाठी.

दोन गोष्टी तुमच्या कामाच्या. एक, इकडं खांबाच्या बुडाला दोन बाजूंनी लाकडी ठोकळे ठोकतात किंवा काँक्रीटचा कॉलर घालून त्यातनं खांबात सळई घालतात, कारण एकच, खांब वर ओढला जाऊ नये. दोन, गाडायच्या लाकडाला घनफुटाला ०.६० पौंड औषध मुरवलेलं असावं लागतं, जमिनीच्या पातळीवरच सडतं म्हणून. तुमचा गंजलेला खांब वाचून तेच आठवलं. इकडं खोली ठरते थंडीत जमीन किती खोल गोठते त्यावरही, आणि छपरावर बर्फाचं वजन धरावं लागतं, ते आपल्याला नको.

शिवारातला_वेल्डर
बुडाला सळई! काळीमाती, तुमच्या तीन पाइपांचं हेच झालं. गुळगुळीत गोल पाइप काँक्रीटमधे नुसता उभा केला की काँक्रीटला धरायला काही राहत नाही आणि ओढ आली की पाइप सरकून बाहेर. मी काय करतो, पाइपाच्या बुडाजवळ दोन आडव्या सळया आरपार घालून वेल्डिंग मारतो, एक खाली, एक तिच्यावर वीतभर, दुसरी काटकोनात. शंभर रुपयाचं काम नाही पण नव्वद टक्के शेडांत नसतं. आणि मुताच्या बाजूला काँक्रीट फरशीच्या वर सहा इंच चढवायचं, वरून बाहेरच्या बाजूला उतार, म्हणजे पाइपाच्या घोट्याशी पाणी थांबत नाही. पाइपाला वरून झाकण मारायचं नाहीतर पावसाचं पाणी आतून भरतं आणि आतून गंजतं, ते कधी दिसत नाही.

लोखंड_आणि_माती
आता काळ्या जमिनीचं, कारण मला यात सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं आणि पुस्तकात शोधलं तरी एका ठिकाणी सापडत नाही. आपली जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, हाताचा पंजा जाईल अशा भेगा पडतात. गड्ड्याला धरून ठेवणाऱ्या दोन गोष्टी असतात, गड्ड्याचं स्वतःचं वजन आणि बाजूच्या मातीची पकड. आता विचार करा वळवाचं वादळ कधी येतं, एप्रिल-मे मधे. म्हणजे नेमकी माती गड्ड्यापासून फटकून उभी असते तेव्हा. पकड शून्य. जूननंतर तोच गड्डा चिखलात घट्ट बसेल पण तेव्हा तसा वारा येतो कुठं. म्हणून काळ्या रानात पकड धरायचीच नाही, सगळी ओढ वजनानं पेलायची.

मोठ्या बांधकामाला काळ्या मातीत अंडररीम पाइल करतात, खाली भोपळ्यासारखा फुगवटा असतो, रुडकीच्या सीबीआरआय या सरकारी बांधकाम संशोधन संस्थेनी तो विकसित केला, कोड आयएस २९११ भाग ३. खोल काळ्या मातीत ते साधारण साडेतीन मीटर नेतात म्हणजे माती हलते त्याच्या खाली. गोठ्याला तेवढं नको, पण कल्पना घ्या, खड्डा खाली रुंद, वर अरुंद. खाली अर्धा-अर्धा फूट जास्त कोरलं तर वरची माती सुद्धा गड्ड्यावर वजन म्हणून बसते, निदान थोडी.

आता आकडा. कोडात पलटी-उचल तपासताना स्वतःचं वजन ०.९ नं गुणून कमी धरायचं आणि वारा दीडपट. उघड्या शेडला तसं केलं की मधल्या खांबावर निव्वळ ओढ जवळजवळ एक टन येते. दोन बाय दोन बाय चार फूट गड्डा म्हणजे १६ घनफूट, १०८७ किलो, ०.९ नं गुणलं की ९७८. जेमतेम बसतं, खालच्या फुगवट्यानं उरलेलं निघतं. कोपऱ्याला हिस्सा कमी असला तरी तिथं वाऱ्याची ओढ जास्त असते म्हणून मी कमी करणार नाही. हे सगळं शेड उघडं ठेवलं तर, तीन बाजू बंद ठेवायच्या असतील तर हा गड्डा पुरणार नाही.

गोदाकाठ
साहेब दहा खांबांना एवढं काँक्रीट म्हणजे सामान्य शेतकऱ्यानं करायचं कसं? गणितं करणं सोपं आहे. दूध कसल्या भावानं जातंय, त्यात हे.

लोखंड_आणि_माती
तुमचा राग बरोबर आहे, म्हणून खर्चाचाच हिशोब देतो. दहा गड्डे, साडेचार घनमीटर, १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) मालाला घनमीटरला साधारण साडेसहा पोती, म्हणजे २९-३० पोती सिमेंट. आधीच्या गड्ड्यांना लागली असतील चार. फरक पंचवीस पोत्यांचा. तीनऐवजी चार इंची पाइप घेतला की तेवढे पैसे असेच जातात आणि उचल एक किलोनं कमी होत नाही. पैसे वाढवायला सांगत नाही, हलवायला सांगतोय, लोखंडातून जमिनीत.

माळवदाची_लेक
अनुदानाचं विचारायचं असेल तर २०२१ ला शरद पवार ग्रामसमृद्धी योजना आली होती, रोजगार हमीतून. दोन ते सहा जनावरांच्या गोठ्याला तेव्हा ७७,१८८ रुपये होते, माप ७.७ बाय ३.५ मीटर, गव्हाण आणि २५० लिटरचं मूत्राचं टाकं धरून. आमच्या गावात तिघांनी केलं. पण त्यात मापावर सगळ्यांचं लक्ष, गड्ड्यावर कुणाचं नाही. टाकं मात्र खरंच करा, म्हणजे मूत खांबाशी जात नाही.

तात्या_औसा
परवानगीचं काय? ग्रामसेवक काही म्हणंल का?

लोखंड_आणि_माती
स्वतःच्या शेतात जनावरं, वैरण, अवजारं, माल ठेवायला शेड बांधणं म्हणजे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या व्याख्येत शेतघर, ते शेतीच्या वापरातच धरतात, कलम ४१ बघा. भाड्यानं गोदाम द्यायचं, दुकान काढायचं तर बिनशेतीचा विषय येतो. गाव शहराच्या हद्दीजवळ असेल तर आधी तलाठ्याला विचारून घ्या. पण तात्या, परवानगी लागत नाही म्हणजे तपासायला कुणी येत नाही, एवढंच. वारा सगळ्यांना तोच. आयएस कोड आता भारतीय मानक ब्यूरोच्या, म्हणजे बीआयएसच्या साईटवर नोंदणी करून फुकट मिळतात, पोरांना सांगा उतरवून द्यायला.

ओहायोतला_लातूरकर
अजून एक, विजेचं. लोखंडी शेडात मोटार, कडबाकुट्टी, बल्बची वायर पाइपाला बांधलेली असते. सांगाड्याला अर्थिंग करा आणि ३० मिलिअँपिअरचा गळती ब्रेकर बसवा. जनावर ओल्या फरशीवर चार पायांवर उभं असतं, त्याला माणसापेक्षा लवकर शॉक बसतो.

शिवारातला_वेल्डर
हे लाखमोलाचं. आणि पत्र्याच्या स्क्रूचं सांगतो, कडेच्या आणि कोपऱ्याच्या पर्लिनवर दुप्पट स्क्रू मारा, मधे नेहमीसारखे चालतील. पत्रा सुटायला सुरवात नेहमी कडेलाच होते. पत्रा घेताना रंगासकटची जाडी सांगतात का नुसत्या लोखंडाची ते विचारा, ०.५० म्हणून घेतलेला लोखंडात ०.४५ निघतो. आणि दोन टोकांच्या गाळ्यांत, म्हणजे शेवटच्या दोन खांबांमधल्या जागेत, खांबाखांबात कैचीसारखा क्रॉस लावा, भिंतीत पण आणि छपरात पण.

काळीमाती_केज
मंडळी सगळं दोनदा वाचलं, वडलांना वाचून दाखवलं. असं ठरवलंय: तीन बाजूंचा पत्रा काढला. पश्चिम आणि पूर्व दोन्ही उघड्या, उत्तर-दक्षिणेला खालून चार फूट विटांची भिंत आणि वर मोकळं, पावसाळ्यात ताडपत्री सोडायची आणि वारा सुटला की गुंडाळायची. शेड लांबीला पूर्व-पश्चिम आहेच, उन्हाचा त्रास कमी. पाइप तोच तीन इंची, जुन्यातले सात चांगले आहेत.

काल पहिला मधला खड्डा खणला. साडेचार फुटांवर पिवळा मुरूम लागला. खड्ड्याच्या भिंतीत भेग वरपासून साडेतीन फुटांपर्यंत सरळ खाली गेलेली दिसली, वडलांनी त्यात तुराटी घातली तर आख्खी गेली. तेव्हा साहेबांचं पकड शून्यवालं बोलणं डोळ्यांना दिसलं. मुरुमात अर्धा फूट घुसवलं आणि खाली चारी बाजूंनी कोरून घेतलं.

वेल्डरदादा, आरपार सळई किती एमएमची घालू?

शिवारातला_वेल्डर
१६ ची. दोन्ही बाजूंनी पाइपाच्या बाहेर वीतभर तरी निघू द्या, आणि पाइप खड्ड्याच्या तळाला टेकवू नका, खाली चार इंच काँक्रीट आधी टाका मग पाइप उभा करा. नाहीतर मुरुमातलं पाणी बुडातनं चढतं.

लोखंड_आणि_माती
आणि माल ओतताना सळईनं ठोसा. फुगवट्याच्या कोपऱ्यात हवा राहते, तिथं पोकळ राहिलं तर वजनही गेलं.

काळीमाती_केज
समजलं. मधले सहा उद्या पहाटे भरतोय, ऊन चढायच्या आत. सात दिवस पाणी मारायचं काम आईनी घेतलंय, ती म्हणाली रेडकाचा पाय अजून लंगडतो, गोणपाट मीच ओले करीन.